दर वेळी आम्हीच का नाचायचं?

या वेळचं पत्र आपल्या इंदूरमधलंच आहे, एका मॅडमचं. नाव आणि कॉलेजचं नाव छापू नका असं तिनं लिहिलंय, तर नाही छापत. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

"ताई, मी राजेंद्रनगरला राहते, घर मराठी, देवाधर्माचं. चार वर्षांपासून एका ख्रिश्चन आर्ट्स कॉलेजमध्ये इतिहास शिकवते. या वर्षी सिस्टरनी कल्चरल कमिटी माझ्याकडे दिली आणि सांगितलं की डायव्हर्सिटीचं काम जरा वाढवा, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाईलला पण लागेल. आमच्याकडे जानेवारीत विविधता दिवस असतो, त्यात पंजाबी भांगडा, मल्याळी मुलींचं मार्गमकळी, मराठी लेझीम, आणि शेवटी होस्टेलमधल्या झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्ल मुलींचं भगोरिया नृत्य, ते सगळ्यात हिट असतं. मागच्या वर्षी त्यातली एक मुलगी प्रॅक्टिसला आलीच नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाली, मॅडम, हर बार हम ही क्यों नाचें, इकोनॉमिक्स में मैं फर्स्ट आई थी तब तो किसी ने स्टेज पर नहीं बुलाया. मला काही बोलताच आलं नाही. मुळात या मुली लाजाळू असतात, मिसळत नाहीत, मेसमध्ये वॉटर कूलरजवळच्या टेबलावर आपल्या आपल्याच बसतात. इकडे आमच्या सोसायटीतल्या काकू विचारतात की तिथे प्रार्थनेला बसावं लागतं का गं, मुलांना बाटवत नाहीत ना. मला हे काम मनापासून करायचंय, पण आता स्टेजकडे बघितलं की ती मुलगीच आठवते. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी हे सांगते की त्या मुलीनं तुला हे तोंडावर सांगितलं ना, ही तुझी कमाई आहे. मुली अशा गोष्टी कोणालाही सांगत नाहीत, पोट दुखतंय म्हणतात आणि रूमवर जाऊन झोपतात. तिला तू ऐकशील असं वाटलं म्हणून ती बोलली.

आता माझी एक गोष्ट ऐक, कारण तुझं पत्र वाचताना मला तीच आठवत होती. मी इंदूरच्याच एका हिंदी शाळेत शिकले, वर्गात आम्ही मराठी तिघी. दर वर्षी गॅदरिंग आलं की बाई आम्हा तिघींना उभं करायच्या, लेझीम. शेजारच्या काकू नऊवारी नेसवून द्यायच्या, सरकू नये म्हणून आठ-दहा पिना लावायच्या, त्यातली एक तरी कमरेत टोचायचीच आणि नाचताना प्रत्येक उडीला टोचायची. टाळ्या खूप पडायच्या. खाली उतरलं की मुलं गराडा घालून "ए, मराठी में कुछ बोल के बता ना". एक वर्ष माझा हिंदी निबंध सगळ्या वर्गात पहिला आला होता, आणि त्याच वर्षी मला वाटत होतं की गॅदरिंगला मला तो वाचायला सांगतील, मी तो पाठ पण केला होता. बाई आल्या आणि म्हणाल्या, तुम तीनों लेझिम निकाल लो. पन्नास वर्षं झाली असतील, त्या पिनेची जागा मला अजून दाखवता येईल. बाईंचं मन वाईट नव्हतं गं, त्यांना खरंच वाटायचं की त्या आमचा मान करतायत, पण त्यांना माझ्यातली फक्त मराठी दिसत होती, निबंध लिहिणारी मी दिसतच नव्हते.

म्हणून तू आधी जा आणि त्या मुलीला भेट. मनधरणी करायला जाऊ नकोस आणि "तुझा गैरसमज झाला" असं तर अजिबात म्हणू नकोस, कारण गैरसमज नाहीच झालेला. सरळ म्हण की तू बरोबर बोललीस, मला उत्तर सुचलं नव्हतं, माझं चुकलं. स्टाफरूममध्ये बोलावू नकोस, तिथे ती उभी राहील आणि तू खुर्चीवर असशील, कॅन्टीनमध्ये चहा घे दोघींना, पोहे घे. मग विचार की कॉलेजमध्ये तुला काय करायला आवडेल, आणि ती जे म्हणेल ते लिहून घे. ती कदाचित म्हणेल की मला हाटाच्या अर्थशास्त्रावर बोलायचंय, भगोरियाचा हाट हा शेवटी होळीच्या आधीचा बाजार आहे, महुआला काय भाव मिळतो, गावातली अर्धी माणसं गुजरातला बांधकामावर गेलेली असतात ती त्या आठवड्यात का परत येतात, यावर ती तुला तासभर शिकवू शकेल. पण ती असंही म्हणेल की मला जीएसटीवर किंवा शेअर मार्केटवर बोलायचंय, झाबुआशी काही संबंध नाही. मग तेच. तिथे तू मनातून थोडी हिरमुसलीस तर समज की आपल्याला अजून तिच्याकडून झाबुआच हवंय.

आता मेसचं. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मला वाटतं तुझं सगळं काम त्या वॉटर कूलरजवळच्या टेबलावर आहे. आणि "लाजाळू असतात, मिसळत नाहीत" हे आधी मनातून काढ, बरं का. त्याच मुली रात्री होस्टेलच्या गच्चीवर किती हसतात ते वॉर्डनला विचार. मी एका मैत्रिणीच्या कॉलेजात मेसमध्ये जेवले होते, तिथे अलीराजपूरकडच्या मुलींनी घरून लसूण-मिरचीची चटणी आणली होती, बोर्नव्हिटाच्या जुन्या बरणीत, आणि ती बरणी टेबलाखाली पायाशी ठेवली होती, एकेक जण खाली वाकून बोटानं घ्यायची. मी म्हटलं वर ठेवा की, तर म्हणाल्या बाकीच्या नाक दाबतात. ज्या मुलीला स्वतःची चटणी टेबलावर ठेवता येत नाही ती त्या टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलाशी मिसळायला कशी येणार, तूच सांग.

आणि इथे तुझ्या कॉलेजचं ख्रिश्चन असणं तुझ्या फार कामाचं आहे, त्याची अडचण मानू नकोस. सिस्टरांकडे नॅकची फाईल घेऊन जाऊ नकोस, बायबल घेऊन जा. खरंच सांगते. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये म्हणून पुस्तक आहे, त्याचा सहावा अध्याय काढ. अगदी सुरुवातीची ख्रिस्ती मंडळी, सगळे एकत्र राहतायत, आणि त्यांच्यातलं पहिलं मोठं भांडण कशावरून तर जेवण वाढण्यावरून. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, हिब्रू बोलणाऱ्यांच्या विधवांना बरोबर मिळतं. म्हणजे मेसचंच भांडण की, आणि भाषेवरून. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, काय केलं? सगळ्यांना बोलावून सांगितलं की तुमच्यातले सात जण निवडा, वाटप आता त्यांच्याकडे. आणि ते सात बघ, स्तेफन, फिलिप आणि बाकीचे पाच, सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात पळी दिली. सगळ्यांच्याच वाटपाची, हिब्रूवाल्यांच्या पण. त्यांना कोणी एका दिवसासाठी स्टेजवर चढवलं नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे बघ, तुमच्या मेस कमिटीत त्या मुलींपैकी किती जणी आहेत ते सोमवारी जाऊन विचार. एकही नसेल तर निम्म्या जागा त्यांच्या आणि दुसऱ्या ज्या कोणाच्या तक्रारी आहेत त्यांच्या कर, आणि महिन्याच्या मेनूवर सही त्यांची घे. मग आठवड्यातून दोनदा मक्याची भाकरी आपोआप येईल, हिवाळ्यात कोणीतरी पानात भाजलेले मक्याचे पानिये करायचं काढेल, जैन मुलींचं कांदा-लसूण न घातलेलं वेगळं भांडं खरंच वेगळं राहील, रमझानात पहाटेचा डबा कोण देणार ते ठरेल, एकादशीची साबुदाणा खिचडी, ईस्टरच्या आधीच्या लेंटमधले उपासाचे शुक्रवार, सगळं. भांडणं होतील, होऊ देत. मेसमध्ये भांडता येणं म्हणजे इथे आपलं घर आहे असं वाटणं, पाहुणे भांडत नाहीत.

हजेरीचं पण बघ. तुझ्या स्टाफमध्ये किती जणांना वसुनिया, अमलियार, निनामा ही आडनावं नीट म्हणता येतात? मी असे वर्ग बघितलेत की तिथपर्यंत आल्यावर सर नुसता रोल नंबर म्हणतात. माझं आडनाव पण शाळेत कोणी धड घ्यायचं नाही, आपल्या मराठी लोकांना तर हे चांगलंच माहितीये, "कर" काढून टाकून अर्धच नाव हाक मारतात इकडे. स्टाफ मीटिंगमध्ये पाच मिनिटं घे आणि नावं म्हणून दाखव, हसले तर हसू देत. भिली ही भाषा आहे, हिंदीची बिघडलेली आवृत्ती नाही, हे पण त्याच पाच मिनिटांत सांग. त्याच प्रेषितांच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात पेंटेकॉस्टचा दिवस आहे, सिस्टरांना तो पाठच असेल, तिथे जमलेल्या परदेशी लोकांना एकच भाषा यायला लागली असं झालेलं नाही, प्रत्येकाला शिष्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं. होस्टेलच्या नोटीस नुसत्या इंग्लिशमध्ये लावणाऱ्या क्लार्कला पण हे ऐकव.

आता प्रार्थना आणि काकूंचा प्रश्न. काकूंना सरळ सांग की आपल्या संविधानाचं कलम 28 आहे, त्याच्या तिसऱ्या भागात स्पष्ट लिहिलंय की मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आणि कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. दोन्ही एकाच संविधानात आहेत आणि दोन्ही खरी आहेत. तू काय कर, तुमच्या सकाळच्या प्रार्थनेची उपस्थिती ऐच्छिक आहे हे ॲडमिशनच्या माहितीपत्रकात छापलंय का ते बघ. नसेल तर छापून घे, आणि जी येत नाही तिची अटेंडन्स कापली जात नाही ना, तेही बघ, कारण कागदावर ऐच्छिक आणि वागण्यात सक्ती असं झालं की त्याचा त्रास मुलांनाही होतो आणि कॉलेजलाही. आपल्या राज्यात 2021 पासून धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा आहे, सक्तीच्या धर्मांतराविरुद्धचा, वातावरण कसं आहे तुला माहितीये, संस्था घाबरून असतात. पण घाबरून आपलं ख्रिश्चनपण लपवणारं कॉलेज दुसऱ्याच्या वेगळेपणाला कशी जागा देणार? चॅपल उघडं ठेवा, घंटा वाजू द्या, येणाऱ्याला येऊ द्या, न येणाऱ्याला लायब्ररीत बसू द्या, कोणी कोणाला का आली आणि का नाही आली विचारू नका.

आणि ख्रिश्चन म्हणजे सगळे एकसारखे असंही तू धरून चालली आहेस की काय असं मला पत्रावरून वाटलं. तुमच्या मल्याळी मुलींपैकी काहींची घराणी येशूचा शिष्य संत थॉमस याच्यापासूनची परंपरा सांगतात, झाबुआच्या मुलींच्या घरी आजोबांच्या पिढीत धर्म आला असेल, आणि आपल्या मराठीतच बघ ना, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं गोव्यात राहून 1616 मध्ये ख्रिस्ताची कथा आपल्या ओवीत छापली, नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंगाच्या चालीवर भजनं लिहिली, ती मराठी चर्चमध्ये टाळ-पेटीवर अजून म्हणतात. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला मुलींना सांभाळता सांभाळता सगळं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. तू इतिहास शिकवतेस, हे तुझ्याच विषयातलं आहे. तुमच्या चॅपलमध्ये गाणी फक्त इंग्लिश आणि हिंदी होत असतील तर क्वायरच्या मुलींना विचार की तुमच्या घरी, तुमच्या चर्चमध्ये काय म्हणता, भिलीत म्हणता का, आणि ते एखाद्या रविवारी साध्या कपड्यात म्हणू दे. पोशाख नको.

काकूंना अजून एक सांगता आलं तर सांग, प्रेमानं. आपण मराठी माणसं माळव्यात आलो अठराव्या शतकात, होळकर-शिंद्यांच्या बरोबर, आणि इथल्या लोकांनी आपल्याला आपला गणपती, आपलं नाटक, आपली पुरणपोळी सगळं ठेवू दिलं, वर आपण त्यांचं जिरावन पोह्यांवर भुरभुरायला शिकलो. भिल्ल त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. आपण ज्यांना आपल्याकडे शिकायला आलेल्या म्हणतो त्या मुली त्यांच्याच मुलखात शिकतायत.

जानेवारीच्या कार्यक्रमाचं काय करायचं, तर बंद करू नकोस. भांगडा करणाऱ्या मुलींना तो आवडतो, मार्गमकळीवाल्यांना पण, आणि झाबुआच्या पण काही मुलींना मांदळ वाजली की पाय थांबत नाहीत, त्यांचा आनंद कशाला काढून घ्यायचा. फक्त कोण काय करणार ते तू ठरवू नकोस. तारीख, हॉल आणि बजेट मुलींच्या हातात दे आणि म्हण करा. मग कदाचित मल्याळी मुलगी लेझीम खेळेल आणि भिल्ल मुलगी वादविवादाचं सूत्रसंचालन करेल, किंवा नाही करणार. आणि नाचणाऱ्यांना मोबदला देता येईल का ते पण बघ, कारण बाहेरून येणाऱ्या कोरिओग्राफरला पैसे मिळतात आणि जिची ही कला आहे तिला एक समोसा आणि सर्टिफिकेट, हे बरोबर नाही. झाबुआकडच्या पिटोलच्या भिल्ल चित्रकार भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या तेव्हा स्वामीनाथन या चित्रकारानं त्यांना विचारलं की तुमच्याकडे भिंतीवर काढतात ते कागदावर काढाल का, आणि त्या कामाचे पैसे दिले. पुढे 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना कोणी आधी विचारलं, काम म्हणून विचारलं, आणि कामाचे पैसे दिले, या तीन गोष्टी झाल्या. तुझ्या बजेटमध्ये पैसे नसतील तर मार्कात धर. नव्या शिक्षण धोरणानं बीएच्या मुलांना प्रोजेक्ट, इंटर्नशिप, कम्युनिटी एंगेजमेंट करायला लावलंच आहे, सगळ्या मुली त्या नावाखाली कुठल्यातरी दुकानाचा शिक्का मारून आणतात, त्यापेक्षा एखादीनं आपल्या आजीकडून गाणी लिहून आणली, किंवा आपल्या चर्चचा इतिहास लिहिला, किंवा होस्टेलच्या मेसच्या खर्चाचा अभ्यास केला तर त्याचे क्रेडिट मिळू देत.

फाईलचं टेन्शन घेऊ नकोस, नॅकवाले सर्वसमावेशक वातावरणाचं विचारतात ते खरं, पण मेस कमिटीची मिनिट्स आणि छापलेलं ऐच्छिक प्रार्थनेचं कलम हे दहा रंगीत फोटोंपेक्षा जास्त बोलतं. आणि हो, यूजीसीच्या 2012 च्या समतेच्या नियमांप्रमाणे कॉलेजात इक्वल अपॉर्च्युनिटी सेल आणि भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी असायला पाहिजे. तुमच्याकडे तो कोण आहे ते तुला माहिती आहे का? तुला माहिती नसेल तर त्या मुलीला नक्कीच माहिती नसणार. नाव आणि खोली नंबर मेसच्या दारावर लावून टाक, हिंदीत.

सिस्टर काय म्हणतील ही भीती तुझ्या पत्रात दोनदा आलीये. मला वाटतं तू त्यांना कमी धरतेयस. ज्या बाईनं घरदार सोडून हे आयुष्य घेतलंय तिला सहाव्या अध्यायातली पळी कळणार नाही असं होणार नाही, फक्त तिच्यासमोर कोणी मेसचं टेबल ठेवलेलं नसेल, सगळे फायलीच ठेवतात. एकटी जाऊ नकोस, वॉर्डनला बरोबर घे, आणि दोन-तीन मुली यायला तयार असतील तर त्यांना घे, त्यांनाच बोलू दे. तू मध्ये मध्ये भाषांतर करत बसू नकोस.

त्याआधी मात्र एक दिवस दुपारी ताट घेऊन त्या वॉटर कूलरजवळच्या टेबलावर जाऊन बस. परवानगी विचार, "बैठूं क्या?" म्हण. पहिल्या दिवशी कोणी फार बोलणार नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही, तरी जात राहा, आठवडाभर तरी. आणि घरून आपल्याकडची शेंगदाण्याची चटणी घेऊन जा डब्यात, झाकण काढून टेबलाच्या मध्ये ठेव. बरणी वर येते का ते बघ, आणि आली की मला कळव, मी वाट बघते.